जुळणीचा संगणक

सुरतेकडून नागपूरमार्गे रायपूरकडे जाणारा, पूर्वी क्रमांक ६ चा आणि आता क्रमांक ५३ चा म्हणून ओळखला जाणारा राष्ट्रीय महामार्ग आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनी तालुक्याला छेदून जातो आणि त्यावरून देशभरचा माल रात्रंदिवस वाहत असतो. परंतु त्या मालापैकी एखादी नाजूक, महागडी आणि वारंवार निगा मागणारी वस्तू जेव्हा आपल्याच घरात आणावयाची असते, तेव्हा माल कोठून येतो यापेक्षा तो बिघडल्यावर जाब कोणाला विचारावयाचा, हा प्रश्न अधिक निकडीचा होऊन बसतो. आमच्याकडे संगणकाची खरेदी याच प्रश्नापासून सुरू होते. नामांकित कंपनीच्या तयार संगणकामागे ती कंपनी उभी असते, असे आपण धरून चालतो. सुटे भाग निवडून जुळविलेल्या, म्हणजे बाजारात ज्याला 'असेंबल्ड' म्हणतात त्या संगणकामागे कोण उभे असते, याचे प्रामाणिक उत्तर मात्र 'भागागणिक निराळी कंपनी, आणि सर्वांच्या शेवटी खुद्द ग्राहक' असेच द्यावे लागते. हे उत्तर ऐकून पुष्कळ जण तयार संगणकाकडे वळतात. माझे मत उलट आहे. नागपूरपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या आमच्यासारख्या गावाला जुळणीचाच संगणक अधिक मानवतो, असे मला अनुभवान्ती वाटते. अट इतकीच की त्या शेवटच्या जबाबदार माणसाने, म्हणजे ग्राहकाने, आपले काम समजून घेतलेले असावे.

आमच्या घरी या खरेदीचे निमित्त पुतण्याच्या व्यवसायाचे होते. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीत गावोगावी रात्रभर चालणारी नाटके आणि त्यापाठोपाठ येणारी लग्नसराई, यांचे चित्रीकरण करून ते संगणकावर कापून-जोडून देणे, हा त्याचा धंदा. घरातला जुना संगणक पत्रे लिहावयास आणि सातबारा काढावयास पुरेसा होता. पण चित्रफितीचे ओझे त्याला पेलवत नसे, आणि त्यातच विंडोज १० या प्रणालीला मिळणारे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आले. पुढची विंडोज ११ ही प्रणाली प्रोसेसरची एक विशिष्ट पिढी आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था मागते, आणि २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक या चाळणीतून खाली पडतात. धडधाकट यंत्रे एका फर्मानासरशी वृद्ध ठरविण्याची ही रीत मला पसंत नाही. परंतु धंद्याच्या यंत्रावर असुरक्षित प्रणाली ठेवण्याची जोखीमही पत्करण्यासारखी नव्हती.

सुटे भाग कोणत्याही दुकानातून आणावेत आणि ते एकमेकांत बिनतक्रार बसावेत, ही सोय आपोआप झालेली नाही. १२ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेतील आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा घाईमुळे तिने बहुतेक भाग बाहेरचेच घेतले होते: प्रोसेसर इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. इतकेच नव्हे, तर यंत्राची अंतर्रचनाही तिने तांत्रिक पुस्तिकेत छापून टाकली. स्वतःच्या मालकीचा असा एकच महत्त्वाचा दुवा तिने राखला. संगणक सुरू होताच सर्व भागांची हजेरी घेणारा 'बायोस' नावाचा लहानसा आज्ञासंच. कॉम्पॅक आणि फिनिक्स या कंपन्यांनी त्या आज्ञासंचाची नक्कल न करता, त्याचे वर्तन तेवढे अभ्यासून, स्वतंत्रपणे तसाच दुसरा लिहून काढला, आणि त्यासरशी आयबीएमची मक्तेदारी मोडून सुट्या भागांचा जागतिक बाजार खुला झाला. पुढे १९९५ मध्ये इंटेलने 'एटीएक्स' हे प्रमाण ठरवून मदरबोर्डाची लांबी-रुंदी, स्क्रूची छिद्रे आणि वीजपुरवठ्याच्या जोडण्या निश्चित केल्या. आज एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या पेटीत मुकाट्याने बसतो, तो या इतिहासाच्या बळावर.

जुळणीच्या यंत्राला कमी लेखणाऱ्यांनी आपल्याच प्रांतातले एक उदाहरण आठवावे. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेने हवा तो महासंगणक देण्यास नकार दिल्यावर भारत सरकारने १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे 'सी-डॅक', स्थापन केले आणि त्याची धुरा डॉ. विजय भटकर यांच्याकडे सोपविली. भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. अभियांत्रिकीची त्यांची पहिली पदवी नागपुरातलीच. त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये सिद्ध झालेला 'परम ८०००' हा महासंगणक एखाद्या अद्वितीय, गुप्त चकतीवर उभा नव्हता; इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे बाजारात विकत मिळणारे 'ट्रान्सप्युटर' परस्परांना जोडून आणि एकच काम त्या सर्वांत वाटून देऊन त्याची शक्ती निर्माण केलेली होती. भाग जगाचे, जुळणी आपली. दुकानात जुळविलेल्या पेटीचा आणि या महासंगणकाचा दर्जा अर्थातच एक नव्हे. परंतु तत्त्व एकच, आणि विदर्भातल्या वाचकाने ते विसरू नये.

सीताबर्डी, म्हणजे नागपूरकरांची बर्डी, ही आमच्या बाजूच्या संगणक-ग्राहकाची पेठ. दुकानात गेल्यावर प्रथम 'कोटेशन' मिळते. ही दरांची फर्द वाचण्याची एक पद्धत आहे, आणि ती नवख्या ग्राहकाच्या पद्धतीच्या नेमकी उलट आहे. नवखा ग्राहक प्रोसेसरचे नाव वाचतो, रॅम किती ते पाहतो, आणि शेवटच्या बेरजेवर घासाघीस करतो. दुकानदारालाही हे पुरते ठाऊक असते, त्यामुळे बेरीज कमी करण्याची वेळ आली की तो ग्राहकाचे लक्ष नसलेल्या ओळींतून पैसे काढतो. त्या ओळी म्हणजे एसएमपीएस, मदरबोर्ड आणि कॅबिनेट. "काका, कॅबिनेटसंगं एसएमपीएस येतेच, तेच चालून जाते, वेगळ्याचे पैसे कायले घालता?" असा सल्ला मला अत्यंत सद्भावनेने देण्यात आला, आणि तो मी मानला नाही याचे मला समाधान आहे.

एसएमपीएस हे काय प्रकरण आहे, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज संगणकाच्या कोणत्याही भागाला चालत नाही. त्यांना १२, ५ आणि ३.३ व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी आणि कमालीची स्थिर वीज लागते. ते रूपांतर करणारी धातूची पेटी म्हणजे एसएमपीएस. हलक्या प्रतीच्या पेटीवर '४५० वॅट' असे छापलेले असले तरी तेवढा भार ती सतत सोसेलच असे नाही. आणि ती स्वतः जळताना एकटी जळत नाही, कधी कधी बोर्ड, डिस्क यांनाही आपल्याबरोबर नेते. उलट चांगल्या पेटीत दाब वाढला, भार वाढला किंवा शॉर्ट झाला, तर स्वतःहून बंद पडण्याची व्यवस्था असते. कार्यक्षमतेसाठी '८० प्लस' नावाची श्रेणी तिच्यावर छापलेली असते. ती श्रेणी विजेची बचत सांगते, सुरक्षेची हमी देत नाही, हा भेद दुकानात सहसा कोणी सांगत नाही. माझे मत विचाराल तर, प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा, पण एसएमपीएस उत्तमच घ्यावा.

दुसरा खड्डा अक्षरांचा आहे. इंटेलच्या काही प्रोसेसरांच्या क्रमांकाअखेर 'एफ' हे अक्षर असते. ते थोडे स्वस्त पडतात, कारण पडद्यावर चित्र उमटविणारा भाग त्यांत कार्यरत नसतो. स्वतंत्र ग्राफिक कार्ड घेणाऱ्याला त्याने काही बिघडत नाही. परंतु 'कार्ड पुढे कधीतरी घेऊ' म्हणणारा ग्राहक असा प्रोसेसर घेऊन घरी आला, तर त्याच्यासमोर काळा पडदा उभा राहतो. रॅमच्या बाबतीतही डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा निराळ्या असल्याने एकीचा बोर्ड दुसरीला स्वीकारीत नाही. आणि या रॅमचा भाव! कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर उभ्या राहणाऱ्या प्रचंड संगणक-केंद्रांनी स्मृतिचकत्यांची मागणी इतकी वाढविली की २०२५ च्या अखेरीस दर भडकले, आणि मायक्रॉन या अमेरिकी कंपनीने 'क्रूशियल' या नावाने सामान्य ग्राहकांना होणारी विक्रीच बंद करण्याचा निर्णय त्याच वर्षी डिसेंबरात जाहीर केला. तेव्हापासून कोटेशनवर 'दर आजपुरता' असा शेरा दिसू लागला, तर दुकानदारावर लबाडीचा आरोप करण्याचे कारण नाही.

भाग ठरले की कागदाचा विषय येतो, आणि येथे मात्र ग्राहकाने कारकुनाची काटेकोर वृत्ती धारण करावी. पक्के बिल, म्हणजे अठरा टक्के वस्तू व सेवा कर दाखविणारे आणि प्रत्येक नगाचा अनुक्रमांक नोंदविणारे बिल, याला पर्याय नाही. कच्च्या चिठ्ठीवर चार पैसे वाचतात आणि हमी जाते. जुळणीच्या संगणकाला एकत्रित हमी नसतेच. खोक्यातल्या प्रोसेसरला साधारणतः तीन वर्षे, डिस्कला तीन ते पाच, चांगल्या एसएमपीएसला कधी कधी सात-दहा वर्षे, अशा निरनिराळ्या मुदती चालू असतात. शिवाय अधिकृत आयातदारामार्फत न आलेला माल दिसावयास अगदी तोच असला तरी त्याची हमी भारतात चालेलच असे नाही. म्हणून प्रत्येक भागाचे रिकामे खोके मागून घ्यावे. कॅबिनेट एका हातात आणि रिकाम्या खोक्यांचे बोचके दुसऱ्या हातात, असा प्रवासी पाहून एसटीतली मंडळी हसतात, हसोत.

प्रवासाविषयीही एक व्यावहारिक सूचना आहे. जड ग्राफिक कार्ड बोर्डाच्या एका खाचेत आडवे टांगल्यासारखे असते, आणि रस्त्याचे हादरे ती खाच सैल करतात. यास्तव कॅबिनेट उभे न ठेवता बोर्डाची बाजू खाली येईल असे आडवे ठेवावे, म्हणजे कार्ड सरळ उभे राहते आणि त्याचे वजन खाचेवर नीट पडते. हे न जमल्यास कार्ड काढून त्याच्याच खोक्यातून निराळे आणावे. सुटे भाग कुरिअरने मागविणाऱ्यांनी पत्त्यात तालुका स्पष्ट लिहावा, कारण याच जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव हे दुसरे तालुक्याचे गाव आहे, आणि पिनकोड न पाहता नुसते 'अर्जुनी' वाचणारे लोक कमी नाहीत.

घरी आल्यावर पहिल्या तासात ज्या शंका मनात येतात, त्यांतल्या बहुतेक निराधार असतात. डीडीआर५ रॅमचा बोर्ड पहिल्याने सुरू करताना रॅमचे वेळापत्रक स्वतः तपासून बसवितो, आणि त्यात काही मिनिटे पडदा काळा राहतो. त्या अवधीत घाबरून वीज बंद करू नये. मॉनिटरची वायर ग्राफिक कार्डाच्या तोंडात न लावता बोर्डाच्या तोंडात लावली, तरी चित्र येत नाही किंवा कार्ड असून नसल्यासारखे होते. पाचशे जीबीची डिस्क संगणकात ४६५ जीबीच दिसते, तेव्हा उरलेली पस्तीस दुकानदाराने खाल्ली असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच तो हिशेबाचा फरक. घेतलेली रॅम छापील वेगाने चालत नसेल तर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी अथवा एक्सपो नावाची योजना सुरू करावी लागते. दुकानात हे करून देतातच असे नाही.

'विंडोज टाकून देतो' या मोघम वाक्यात काय दडलेले असते, हे सर्वांना ठाऊक असूनही त्याविषयी बोलले जात नाही. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ६३-ब अन्वये चोरीच्या आज्ञावलीचा जाणूनबुजून वापर करणे हा अपराध असून त्याला किमान सात दिवस ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. आर्थिक लाभासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते, परंतु धंद्यासाठी घेतलेल्या यंत्राला ही सवलत कशी मागणार? परवान्याचे पैसे कोटेशनमध्येच धरावेत, नाहीतर लिनक्ससारखी मोफत आणि कायदेशीर प्रणाली बसवून घ्यावी. मराठी टंकलेखनाची इनस्क्रिप्ट मांडणी दोन्हींत आयतीच असते.

आता मुख्य विषय, जो दुकानात कधीच निघत नाही: घरातली वीज. नवा संगणक लावल्यावर कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येतात, अशी तक्रार आमच्या बाजूला घरोघरी ऐकू येते, आणि यंत्र सदोष ठरवून ते परत नेण्याची भाषा सुरू होते. दोष बहुधा यंत्रात नसतो. विजेतला गोंगाट गाळण्यासाठी एसएमपीएसच्या तोंडाशी दोन लहान कपॅसिटर बसविलेले असतात, एक फेजपासून पत्र्यापर्यंत आणि दुसरा न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत. त्यांतून झिरपणारी अल्पशी वीज अर्थिंगच्या तारेवाटे जमिनीत जावी, अशी योजना असते. ती तार जोडलेलीच नसेल, किंवा जोडलेली असूनही जमिनीशी तिचा संबंध तुटला असेल, तर पत्रा दोहोंच्या मध्यावर, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर, तरंगत राहतो. प्रवाह फार थोडा असल्यामुळे माणूस नुसता दचकतो. परंतु यूएसबीवाटे कॅमेरा अशा यंत्राला जोडणे शहाणपणाचे नव्हे. तीन पिनांच्या बोर्डात वरच्या मोठ्या भोकाला तारच नसणे, हे जुन्या घरांत सर्रास आढळते. खड्डा खणून, त्यात पट्टी किंवा नळी पुरून, भोवती कोळसा आणि मीठ भरण्याची जी जुनी रीत आहे, ती ओलाव्यावर अवलंबून असते. आमच्याकडे पावसाळाभर ती उत्तम काम देते आणि एप्रिल-मे महिन्यांत जमीन भेगाळली की निकामी होते. त्या दिवसांत खड्ड्यात नियमित पाणी ओतावे. जाणकार वीजतंत्र्याकडून न्यूट्रल आणि अर्थ यांमधला दाब मोजून घ्यावा. तो दोन-तीन व्होल्टच्या आत असला म्हणजे निर्धास्त व्हावे.

त्यानंतर यूपीएस. त्याच्यावरचा '६०० व्हीए' हा आकडा वॅटचा नव्हे. असा यूपीएस साधारणतः ३६० वॅटचाच भार घेतो, आणि चित्रफीत तयार करताना ग्राफिक कार्ड असलेला संगणक मॉनिटरसह या मर्यादेला सहज जाऊन भिडतो. म्हणून एक पायरी वरचा घ्यावा. मृगाच्या आसपास आमच्या भागात विजा जोरात कडाडू लागतात, तेव्हा यूपीएसवर विसंबून न राहता प्लग उपटावा, आणि ब्रॉडबँडची वायरही काढावी. ती वायर लोक विसरतात आणि बोर्ड त्याच वाटेने जातो.

उन्हाचे गणित सरळ आहे. पंखा प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली पंचवीस अंशांवरून बेचाळीस अंशांवर गेली की प्रोसेसरचे तापमानही जवळपास तेवढेच वर चढते, आणि नव्वदीच्या पुढे तो स्वतःच आपली गती कमी करतो. कॅबिनेट घेताना काचेची शोभा न पाहता पुढून हवा घेणारी जाळी आणि काढून धुता येणारा गाळणीचा पडदा पाहावा, कारण धानाच्या मळणीच्या दिवसांत उडणारी बारीक धूळ पंख्याच्या पात्यांवर बसते.

इतक्या सर्व खटाटोपानंतर तयार संगणकच का घेऊ नये, असे कोणी विचारील. घ्यावा, ज्याला वेळ नाही त्याने अवश्य घ्यावा. परंतु अनेक कंपन्या आपल्या पेटीत स्वतःच्याच आकाराचा एसएमपीएस आणि स्वतःच्याच घडणीचा बोर्ड बसवितात; हमीची मुदत संपल्यावर त्यातला एक भाग गेला की तो त्या कंपनीकडूनच यावा लागतो, आणि न मिळाल्यास चांगले बाकीचे भागही अडगळीत जातात. जुळणीचा संगणक हा गावच्या सुताराने केलेल्या बंडीसारखा आहे: चाक मोडले तर चाक बदलते, बंडी मोडीत काढावी लागत नाही. एसएमपीएस जळाला तर साकोलीहून किंवा गोंदियाहून दुसरा आणून, चार स्क्रू फिरवून, त्याच दिवशी काम चालू करता येते. शहरात जो संगणक हौसेखातर जुळवितात, तो आमच्यासारख्या गावात दुरुस्तीच्या सोयीसाठी जुळवावा, आणि त्याचे भागही याच कसोटीवर निवडावेत.

भाग सदोष निघाला आणि विक्रेत्याने टाळाटाळ केली, तर नागपूरला खेटे घालावे लागतील या भीतीने पुष्कळ लोक गप्प बसतात. ती भीती आता अनाठायी आहे. २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३४ नुसार ग्राहकाला स्वतः राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे तक्रार दाखल करता येते. म्हणजे विक्रेता बर्डीवरचा असला तरी सडक अर्जुनीच्या रहिवाशाची दाद गोंदिया जिल्ह्यात लागते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागत नसला, तरी केवळ स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा अपवाद त्यातच केलेला आहे, तेव्हा चित्रीकरण करणाऱ्या, झेरॉक्स काढणाऱ्या, अर्ज भरून देणाऱ्या आमच्या तरुणांनी बिचकू नये. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांकावर फोन करावा. पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात. मात्र या सर्वांसाठी पुरावा लागतो तो त्या पक्क्या बिलाचा, आणि पुष्कळ दुकानांतले बिल उष्णतेने छापणाऱ्या कागदावर निघत असल्यामुळे त्यावरची अक्षरे वर्षा-दोन वर्षांत उडून जातात. म्हणून वाचकहो, घरी पोहोचल्याबरोबर त्या बिलाची झेरॉक्स काढून ठेवा.